दुसऱ्याचं काय चाललंय?

मार्च १९९९. पेणमधल्या एका पतसंस्थेच्या शाखेत वर्षअखेरीची कामं सुरू होती. तिथल्या संगणकाची देखभाल माझ्याकडे कंत्राटावर होती. मी रोह्याला राहायचो आणि आठवड्यातून दोनदा नागोठणे-वडखळ मार्गे एसटीने पेणला जायचो. शाखेत एक युनिक्स यंत्र होतं आणि त्याला जोडलेली सहा टर्मिनलं. संगणक खरा एकच, आतल्या खोलीतला. बाहेर नुसते पडदे आणि कळफलक. सहा माणसं एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करायची, आणि यंत्र प्रत्येकाला असं भासवायचं की ते फक्त त्याचंच आहे.

त्या सहांत एक विशीतली मुलगी होती. तिला कुतूहल फार. यंत्र मध्येच का मंदावतं, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा मी तिला ‘पीएस’ ही आज्ञा शिकवली. ती दिली की यंत्रावर त्या क्षणी कोणाची कोणती कामं चालली आहेत, त्यांची यादी पडद्यावर येते. त्यानंतर यंत्र अडलं की ती स्वतःच यादी पाहायची आणि ‘अहो, तुमचा कालचा रिपोर्ट अजून चालूच आहे’ असं शेजारच्या टेबलाला सांगायची. माझ्या पेणच्या फेऱ्या त्यामुळे कमी झाल्या.

एका संध्याकाळी तिने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. ‘सर, हे तुमचं आहे का?’ चिठ्ठीवर मुख्य कचेरीचा फोन नंबर होता आणि त्याखाली तिथल्या यंत्राचा पासवर्ड. रोज संध्याकाळी दिवसाचे आकडे फोनवरून मुख्य कचेरीला पाठवणारा छोटा प्रोग्राम मीच लिहिला होता. पासवर्ड त्या प्रोग्रामच्या आज्ञेतच, नावापुढे लिहून ठेवला होता. त्यामुळे प्रोग्राम चालू असेपर्यंत तो सगळ्या टर्मिनलांवर ‘पीएस’च्या यादीत दिसत होता. तिने तो शोधला नव्हता, तो तिच्यासमोर आला होता.

शाखाधिकारी माझ्या शेजारीच उभे होते. ‘हे हिला कसं कळलं?’ त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, ‘तिने पाहिलं.’ हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी गिळलं. दुसऱ्या दिवसापासून तिला पासबुकं भरण्याच्या खिडकीवर बसवलं आणि टर्मिनलला हात लावायला मनाई केली. मला हुकूम झाला, ‘ते बघणं बंद करून टाका.’ मी ‘पीएस’ चालवण्याची परवानगी सर्वांकडून काढून घेतली. पासवर्ड मात्र आज्ञेत होता तसाच राहिला. खिडकीला फळी ठोकली आणि किल्ली आतल्या खुंटीवर तशीच लटकत ठेवली.

३१ मार्चच्या संध्याकाळी व्याजाची आकारणी सुरू झाली आणि यंत्र जवळजवळ थांबलंच. कोणाला काही कळेना. आठ वाजता रोह्याला शेजाऱ्यांकडे फोन आला. मिळेल त्या वाहनाने मी अकराच्या सुमारास पेणला पोचलो. दुपारी कोणीतरी एक रिपोर्ट लावून, तो संपण्याआधीच टर्मिनल बंद केलं होतं. तो रिपोर्ट आत अडकून एकट्यानेच यंत्र खात बसला होता. एका मिनिटात मी तो मारला. तीन तास सगळी माणसं कपाळाला हात लावून बसली होती, आणि ज्या एकीला हे सहज कळलं असतं ती पासबुकाच्या खिडकीवर बसून होती.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्यामागे आहे. अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर साध्या वापरकर्त्याला सर्वांची चालू कामं दिसावीत का? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण सामायिक जागेत राहणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. वाड्यात, चाळीत, कचेरीत दुसऱ्याचं काय चाललंय हे आपल्याला किती कळावं?

यादी आली कुठून?

प्रोग्राम म्हणजे लिहून ठेवलेली कृती. ती प्रत्यक्षात रांधायला घेतली की तिला ‘प्रोसेस’ म्हणतात. एकच कृती दहा जणांनी एकाच वेळी रांधायला घेतली तर प्रोसेस दहा होतात. यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक प्रोसेसला क्रमांक देतो. ती कोणाच्या नावावर आहे, तिने किती स्मृती अडवली आहे, मध्यवर्ती प्रक्रियकाचा किती वेळ खाल्ला आहे आणि ती कोणत्या आज्ञेने सुरू झाली, याची नोंद तो ठेवतो.

फार पूर्वी ही नोंद इतरांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा संशोधक छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीवर देत आणि निकालाचे कागद घेऊन जात. आत काय चाललंय ते चालकाला माहीत. पुढे ‘टाइम-शेअरिंग’ आलं, म्हणजे यंत्राचा वेळ क्षणाक्षणाने वाटून अनेकांना एकाच वेळी काम करू देणं. माणूस यंत्रासमोर बसला आणि ते मंद का झालं हे त्याला तिथेच, त्याच घटकेला कळणं गरजेचं झालं. १९७० च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स घडली ती याच वातावरणात. एका यंत्रावरची माणसं एकमेकांना ओळखत होती, एकाच मजल्यावर बसत होती. यंत्र महाग, वेळ मोजका. त्यामुळे कोण किती वापरतो हे सर्वांना दिसणं स्वाभाविक होतं. ‘पीएस’ ही आज्ञा त्याच दशकातली.

१९८४ मध्ये टॉम किलियन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये एक सुरेख कल्पना मांडली. प्रत्येक प्रोसेस एका फाइलीसारखी दाखवायची. ‘प्रोक’ नावाच्या एका आभासी कपाटात प्रत्येक प्रोसेसच्या नावे एक जागा. लिनक्सने ही कल्पना पुढे बरीच वाढवली. आज आपण लिनक्सवर ‘पीएस’ किंवा ‘टॉप’ म्हणतो तेव्हा या आज्ञा ते कपाट उघडून वाचत असतात. त्यातले बरेच कप्पे सर्वांना उघडे असतात. प्रोसेसची सुरुवातीची आज्ञा कोणीही वाचू शकतो. तिच्या भोवतालच्या मूल्यांचा कप्पा, ज्याला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात, तो मात्र मालकाला आणि व्यवस्थापकालाच उघडतो. पासवर्ड आज्ञेत लिहिला की उघड्या कप्प्यात पडला. माझी चूक नेमकी हीच होती.

आपल्याकडेही यंत्र वाटून घेण्याची सवय जुनी आहे. रंगराजन समितीच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनंतर बँकांत संगणक येऊ लागले. नव्वदच्या दशकात छोट्या बँका आणि कचेऱ्यांना परवडणारी रचना म्हणजे एक युनिक्स यंत्र आणि भोवती टर्मिनलं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं ‘शेल’ खातं म्हणजे दूरच्या युनिक्स यंत्रावर भाड्याने मिळालेली एक कोपऱ्यातली जागाच होती. शेजारी कोण आहे हे माहीत नसलेली चाळ.

दिसण्याचे फायदे

पहिला फायदा पेणच्या त्या रात्रीने मला शिकवला. सामायिक साधन अडलं तर ते कोणामुळे अडलं हे वापरणाऱ्यांना कळलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक वेळी व्यवस्थापकाची वाट पाहावी लागते, आणि व्यवस्थापक रोह्यात असतो.

दुसरा फायदा, चोर ओळखू येतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या जाळ्यावर ‘मॉरिस वर्म’ सुटला. तो यंत्रामागून यंत्रात शिरत गेला. यंत्रं अकारण जड झाली म्हणून लोकांनी याद्या पाहिल्या आणि काहीतरी विचित्र चाललंय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या वर्मच्या लेखकाला हे आधीच ठाऊक असावं, कारण वर्म यादीत स्वतःचं नाव ‘एसएच’ असं दाखवत असे. ‘एसएच’ म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याकडे असतोच असा साधा शेल. याद्या पाहिल्या जातात म्हणूनच वेशांतर करावं लागतं.

तिसरा फायदा शिकण्याचा. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलांत ज्यांनी यंत्राची यादी रोज पाहिली, त्यांना यंत्र कळलं. बाकीच्यांना फक्त बटणं कळली.

दिसण्याचे तोटे

पण यादी चोरालाही दिसते. १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबातल्या ७५ सेंटच्या फरकावरून एका घुसखोराचा माग काढला. तो घुसखोर शेवटी पश्चिम जर्मनीतला निघाला. यंत्रात शिरल्याबरोबर तो आधी यादी पाहायचा, कोणी पाळतीवर आहे का याची खात्री करायला. ती आज्ञा तो ज्या ढंगाने देत असे त्यावरून हा माणूस बर्कलीच्या युनिक्सवर वाढलेला नाही, हे तिथल्या जाणकारांनी ताडलं. म्हणजे यादीने दोघांनाही मदत केली.

आज्ञेत लिहिलेला पासवर्ड हा ढोबळ धोका. ‘मायएसक्यूएल’सारखे प्रोग्राम सुरू होताच आज्ञेतला पासवर्ड पुसून टाकतात, पण मधला क्षणभर तो दिसतोच, आणि यादी सतत वाचत बसणाऱ्याला तो क्षण पुरतो.

सूक्ष्म धोके नंतर कळले. २००९ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या केहुआन झांग आणि शाओफेंग वांग यांनी दाखवलं की ‘प्रोक’ मधल्या निरुपद्रवी वाटणाऱ्या आकड्यांवरून दुसरा माणूस कळ कधी दाबतो याच्या वेळा काढता येतात. दोन कळांमधल्या अंतरांवरून तो काय टंकत असावा याचा अंदाज बांधता येतो. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या सुमन जना आणि विताली श्मातिकोव यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. दुसऱ्याच्या ब्राउझरने अडवलेल्या स्मृतीचा आकडा कसा चढतो-उतरतो एवढंच पाहत राहिलं, तरी तो कोणतं पान पाहतोय हे बऱ्याचदा ओळखता येतं. कोणीही पासवर्ड उघडा टाकलेला नाही, कोणीही फाइल उघडलेली नाही. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज ऐकून शेजारच्या घरी आज पाहुणे आलेत हे कळावं, तसं.

म्हणूनच २०१६ मध्ये अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीने एका अॅपला दुसऱ्या अॅपच्या प्रोसेस दिसणं बंद केलं. फोन एकाचाच असतो, पण त्यावरची अॅप्स एकमेकांना परकी असतात. विजेरीचं अॅप आणि बँकेचं अॅप एका चाळीत राहतात, पण त्यांचा घरोबा असण्याचं कारण नाही.

झाकण्याच्या तऱ्हा

आज जवळजवळ प्रत्येक कार्यप्रणालीत या प्रश्नाचं उत्तर निवडायची सोय आहे. लिनक्समध्ये २०१२ पासून ‘हाइडपिड’ हा पर्याय आहे. तो शून्य असेल तर सर्वांना सर्व दिसतं. एक असेल तर दुसऱ्याच्या प्रोसेसचे क्रमांक दिसतात, पण कप्पे उघडत नाहीत. दोन असेल तर दुसऱ्याची प्रोसेस अस्तित्वात आहे हेही कळत नाही. त्याला जोडून एखाद्या गटाला पाहण्याची मुभा ठेवता येते. सोलारिसमध्ये २००५ च्या दहाव्या आवृत्तीपासून दुसऱ्याच्या प्रोसेस पाहणं हा एक स्वतंत्र अधिकार आहे आणि तो माणसागणिक काढून घेता येतो. फ्रीबीएसडीमध्ये त्यासाठी एक कळ आहे. ती मुळात उघडी असते, हवी तर बंद करायची. विंडोज ७ च्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सर्व वापरकर्त्यांच्या प्रोसेस दाखवा’ असं बटण होतं, आणि ते दाबायला व्यवस्थापकाचा हक्क लागत असे. महासंगणकांवर ‘स्लर्म’ हा कामांची रांग लावणारा प्रोग्राम वापरतात. त्यात मुळात रांगेतली सर्वांची कामं सर्वांना दिसतात, आणि व्यवस्थापकाला ती झाकता येतात.

झाकण्याची किंमतही आहे. ‘हाइडपिड’ कडक केलं की दुसऱ्याच्या प्रोसेसची विचारपूस करून परवानग्या ठरवणाऱ्या काही अंतर्गत सेवा अडखळतात. शिवाय झाकल्याने भार झाकला जात नाही. यंत्र मंदावलेलं कळतं, पण का ते कळत नाही. झाकलेल्या यंत्रावरचा वापरकर्ता संशयी होतो, हे मी प्रयोगशाळांतून अनेकदा पाहिलं आहे. यादी दिसत होती तेव्हा मुलं एकमेकांना ‘तुझं काम आवर’ म्हणायची. दिसेनाशी झाल्यावर प्रत्येकाला वाटू लागलं की शेजाऱ्याचंच काहीतरी चाललंय.

झाकण्याचा सर्वांत मोठा धोका बँकांनी दाखवला. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले, बनावट कर्जखाती बाहेर आली आणि पेणमधली कितीतरी घरं वर्षानुवर्षं आपल्याच ठेवींसाठी खेटे घालत राहिली. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं प्रकरण उघडकीला आलं. पोलिसांतल्या तक्रारीनुसार एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली होती, आणि मूळ खाती संगणकावर फक्त २५ कर्मचाऱ्यांना दिसतील अशी व्यवस्था केली होती. खाती आणि प्रोसेस या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. शेजारच्या टेबलाला प्रोसेस दिसल्या असत्या तर घोटाळा टळला असता, असंही मी म्हणत नाही. पण ‘सुरक्षेसाठी झाकलं’ हे वाक्य ऐकलं की कोणाच्या सुरक्षेसाठी, हे विचारायची सवय आम्हा पेण-रोहेकरांना लागली आहे.

कारखान्यातली रीत

या प्रश्नाचं उत्तर मला पेणच्याच गणपतीच्या कारखान्यात सापडलं. तिथे सगळं उघड्यावर चालतं. साच्यातून निघालेल्या, सुकत ठेवलेल्या, रंगाला घेतलेल्या मूर्ती कोणीही पाहाव्यात. कोणत्या फळीवर किती काम साठलंय, डोळ्यांच्या आखणीला कोण बसलंय, हे आत शिरताच कळतं. ते कळावंच लागतं, कारण एकाची फळी तुंबली की पुढचा खोळंबतो. पण कोणती मूर्ती कोणाची, किती रकमेला ठरली, आगाऊ किती आले, हे मालकाच्या वहीत असतं. वही फळीवर ठेवत नाहीत. काम दिसतं, व्यवहार दिसत नाही.

संगणकाच्या यादीत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कोणाची प्रोसेस आहे आणि ती किती भार टाकते हे कामाचं दिसणं. तिची पूर्ण आज्ञा, तिने उघडलेल्या फाइली, तिच्या स्मृतीचा क्षणोक्षणीचा चढउतार ही वही. माझं मत असं झालं आहे की जिथे वापरणारे एकमेकांना ओळखतात आणि साधन खरोखर वाटून घेतात, म्हणजे कचेरी, महाविद्यालयाची प्रयोगशाळा, संशोधकांचा महासंगणक, तिथे प्रत्येकाला इतरांची नावं आणि त्यांचा भार दिसला पाहिजे. आज्ञा दिसण्याची गरज नाही. जिथे शेजारी परके असतात, म्हणजे भाड्याची वेबयंत्रं किंवा फोनवरची अॅप्स, तिथे काहीच दिसू नये, आणि भाराची जबाबदारी पूर्णपणे व्यवस्थापकाने घ्यावी.

अडचण अशी की वर सांगितलेल्या पर्यायांतला एकही नेमका एवढाच पडदा टाकत नाही. ‘हाइडपिड’ एकवर ठेवलं तर क्रमांक दिसतात पण भार दिसत नाही. मी शेवटी स्वतःपुरती एक सोपी युक्ती काढली. कपाट झाकायचं, आणि व्यवस्थापकाच्या हक्काने चालणारा एक छोटा प्रोग्राम दर मिनिटाला एक फलक लिहील असं करायचं. फलकावर वापरकर्त्याचं नाव, त्याच्या प्रोसेसची संख्या आणि एकूण भार एवढंच. मिनिटाची सरासरी असल्यामुळे कळांच्या वेळा किंवा पानांच्या खुणा त्यातून काढणं जवळजवळ अशक्य. यंत्र कोणी अडवलं ते मात्र सर्वांना कळतं. रोह्यातल्या एका प्रयोगशाळेत मी असा फलक बरीच वर्षं चालवला. मुलं पुन्हा एकमेकांना ‘तुझं काम आवर’ म्हणू लागली.

आणि पासवर्ड आज्ञेत लिहायचा नाही. फाइलीत ठेवायचा, ती फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी करायची, आणि प्रोग्रामने तो तिथून घ्यायचा. १९९९ मध्ये हे करायला मला अर्धा तास लागला असता.

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या आधी पेणला गेलो होतो. ती मुलगी आता पन्नाशीकडे झुकली आहे आणि स्वतःचं कर-सल्ल्याचं छोटं कार्यालय चालवते. मी तिला त्या चिठ्ठीबद्दल बोललो, चूक माझी होती आणि तेव्हा मी ते सांगितलं नाही, असं म्हणालो. ती म्हणाली, ‘सर, चूक तुमची होती हे मला तेव्हाच माहीत होतं. यादीत तुमचंच नाव होतं ना.’ मग चहा मागवला. तिच्या कार्यालयात चार संगणक आहेत आणि एक सामायिक सर्व्हर. निघताना तिने विचारलं, तो फलक आमच्याकडे बसवून द्याल का?

मी पुढच्या आठवड्यात जाऊन बसवून दिला.